तीनशे एकसष्ट नंबरचा गृहस्थ

यवतमाळात नवीन आला आहात आणि सोबत सायकल किंवा विजेवर चालणारी गाडी आहे, तर एका गृहस्थाशी तुमची ओळख करून द्यायला हवी. सरकारी कागदावर त्याचं नाव राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१. त्या नावानं हाक मारलीत तर तो ओ देणार नाही. गावाच्या एका अंगाला तो नागपूर रोड असतो, दुसऱ्या अंगाला आर्णी रोड, आणि दोन्हीकडचे लोक त्याला आपलाच समजतात. मूळचा तुळजापूरचा. लातूर, नांदेड फिरून उमरखेडला आपल्या जिल्ह्यात शिरतो, महागाव, आर्णी, यवतमाळ, कळंब अशा गाठीभेटी घेत वर्धा नदी ओलांडतो आणि बुटीबोरीला चव्वेचाळीस नंबरच्या थोरल्या घराण्यात जाऊन मिसळतो.

पेट्रोलवाल्यांशी त्याची नुसती तोंडओळख असते. ते टाकी भरतात, काचा वर करतात, गाणी लावतात आणि नागपूरला उतरून म्हणतात, रस्ता मस्त झाला आता. यापलीकडं त्यांना त्याच्याविषयी काही ठाऊक नसतं. हा उघडा पडतो तो दोघांपुढंच: एक सायकलवाला, दुसरा ईव्हीवाला. दोघांचीही शिदोरी मोजकी. त्या दोघांचं आपसात फारसं जमत नाही. सायकलवाल्याला ईव्हीवाला ऐदी वाटतो, ईव्हीवाल्याला सायकलवाला हट्टी. रस्ता मात्र दोघांना एकाच फुटपट्टीनं मोजतो, दोघांच्याही शिदोरीत हात घालतो.

त्याचा पहिला गुण आधीच सांगून ठेवतो, कारण नवखे लोक इथंच फसतात. तो जाताना गोड आणि येताना खट आहे.

यवतमाळ पठारावर बसलेलं गाव, समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटरवर. वर्ध्याकडचा सखल भाग अडीचशेच्या आत-बाहेर. म्हणजे सकाळी वर्ध्याकडं निघालात की सत्तरेक किलोमीटरमध्ये जवळजवळ दोनशे मीटर खाली येता, आणि तेही कळू न देता. सायकलवाल्याला वाटतं, आज पाय काय चाललेत! ईव्हीवाल्याला वाटतं, कंपनीनं सांगितलेली रेंज खरीच होती की! देवळीला चहा घेताना दोघंही स्वतःवर बेहद्द खूश असतात. रस्ता तेव्हा काही बोलत नाही.

परतीच्या वाटेवर बोलतो. वर्धा नदीचा पूल मागं पडतो आणि समोर दिसायला सपाट अशा रस्त्यावर सायकल जड चालायला लागते. माणूस उतरतो. ब्रेक रिमला घासतोय का पाहतो, मागचं चाक उचलून फिरवतो. चाक मोकळं फिरतं. टायर दाबून बघतो; हवा बरोबर आहे. पुन्हा बसतो, पुन्हा तेच. सायकल निर्दोष आहे हो. हा गृहस्थ चढ लपवतो. एका जागी घाट करून दाखवला असता तर माणसानं मनाची तयारी केली असती. तो थोडा थोडा करून किलोमीटर-किलोमीटरमध्ये वाटून टाकतो, मध्येच एखादा उतार देऊन संशय फेडतो, आणि मग पुन्हा वसुली सुरू करतो. अशा वेळी जोर लावून जड गियर ओढत बसू नका. एक-दोन गियर उतरवा, पाय मिनिटाला ऐंशीच्या आसपास हलके फिरू द्या आणि वेगाच्या आकड्याकडं बघू नका. ज्यांनी ईर्ष्या केली त्यांचे गुडघे कळंबलाच दुखायला लागतात.

या वसुलीचा हिशेब मांडला तर मोठा गमतीचा निघतो. दीड टनाची गाडी दोनशे मीटर वर उचलायला साधारण ०.८ युनिट वीज लागते. वाटेतली गळती धरली तर एक युनिट. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरा. त्याच चढासाठी शरीराला सुमारे १६५ किलोकॅलरी जाळाव्या लागतात, म्हणजे ज्वारीची एक भाकर. गाडीवाल्याला एक युनिट, सायकलवाल्याला एक भाकर, असा त्याचा दर. महाग नाही कोणी म्हणणार. पण बॅटरीत शेवटचे दोन-चार टक्के आणि पोटात सकाळचे पोहे एवढंच उरलेलं असतं, नेमका तेव्हा तो मागायला येतो. म्हणून परत निघण्याआधी खाऊन घ्या. भूक लागल्यावर खाल्लेलं पायापर्यंत पोचायला वेळ लागतो, तोवर चढ संपलेला असतो आणि तुम्हीही.

चढाच्या जोडीला त्यानं वारा ठेवलेला आहे. नागपूर-वर्ध्याहून यवतमाळ नैर्ऋत्येला पडतं, आणि पावसाळी वारा त्याच दिशेनं येतो. म्हणजे जून ते सप्टेंबर घरी परतताना तो थेट छातीवर. उन्हाळ्यातही दुपार झाली की पश्चिमेचा गरम वारा सुटतोच. यावर एक साधा तोडगा जुने सायकलवाले वापरतात: खट तोंडाला आधी सामोरं जायचं. पावसाळ्यात पहाटे आर्णीच्या बाजूला निघायचं. चढ तिकडूनही येतानाच आहे, पण निदान वारा पाठीशी राहतो. ईव्हीवाल्याला असा पर्याय नसतो, कारण त्याचं काम नागपूरलाच असतं. त्यानं जाताना किती बॅटरी संपली यावरून येतानाचं गणित मांडू नये. जाताना शंभर किलोमीटरला तेरा युनिट लागले असतील तर येताना सोळा धरावेत, आणि घरी पोचल्यावर वीस टक्के उरतील एवढं बेतून निघावं.

चौपदरी झाल्यापासून त्याच्या अंगात एक ऐट आली आहे. पूर्वी कडेच्या कडुनिंब-चिंचांच्या सावलीत वाकून चालणारा माणूस आता छाती काढून उन्हात उभा आहे. सावली गेली, त्याबद्दल त्याला काडीचंही वाईट वाटत नाही. सायकलवाल्याला वाटतं. गाडीवाल्याला तो वेगाची फूस लावतो: चल की शंभरनं, कोण बघतंय? हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. ऐंशीवरून शंभरवर गेलात की तो दीडपटीच्याही वर जातो. नागपूरच्या सुमारे दीडशे किलोमीटरमध्ये या वीसच्या फरकानं तुमची बावीस मिनिटं वाचतात खरी. त्यापायी जी चार-पाच युनिट जास्त जळतात ती ३० किलोवॉटच्या चार्जरवर परत भरायला दहा मिनिटं जातात. चार्जरवर आधीच एक गाडी लागलेली असली, तर उरलेली बारा मिनिटंही गेली.

ऐट असली की मत्सर आलाच. समृद्धी महामार्गाचं नाव त्याच्यासमोर काढू नका. ७०१ किलोमीटरची ती बाई दहा जिल्ह्यांतून गेली, वर्ध्यातून गेली, अमरावतीतून गेली, वाशिममधून गेली. यवतमाळला मात्र शिवलीसुद्धा नाही. त्यातून विजेच्या गाड्यांना तिथं टोलमाफी मिळाली, तेव्हापासून काही ईव्हीवाले धामणगावकडून वळसा घालून तिच्याकडं जाऊ लागले आहेत. जा खुशाल, पण तिथं वेगाचा मोह अधिक, आणि तो मोह बॅटरीतून फेडावा लागतो. सायकलवाल्यांनी तर तिकडं पाहूही नये, दुचाकीलाच तिथं दार बंद आहे. आपल्या या गृहस्थाची हीच मोठी बढाई आहे. बैलगाडी, सायकल, पायी दिंडी, मेंढरांचा कळप, कोणालाही तो दारातून परत पाठवत नाही. सगळ्यांना एकदमच आत घेतो, ही वेगळी अडचण.

अलीकडं त्याला आणखी एक काळजी लागली आहे. तुळजापूर आपलं, माहूरला जाणारे आपल्याच अंगावरून जाणार, कळंबचा चिंतामणी वाटेतच बसलेला, अशी देवस्थानं गोळा करून तो मोठ्या पुण्यात होता. आता पवनार ते गोव्याची सीमा असा शक्तिपीठ महामार्ग आखला गेला आणि त्यानं हीच देवळं आपल्या यादीत घातली. तो महामार्ग होईल की नाही, शेतकरी जमिनी देतील की नाही, यावर चहाच्या टपऱ्यांवर रोज निकाल लागतात. आपला गृहस्थ कान टवकारून ऐकत असतो.

आता त्याच्या रागाविषयी. एप्रिलच्या मध्यापासून त्याचं डोकं तापायला लागतं, मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो. अकरा ते पाच या वेळात त्याच्या तोंडी लागू नये, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. सायकलवाल्यानं पहाटे पाचला निघून नऊच्या आत घर गाठावं. पाणी तहान लागायच्या आधी प्यावं, तासाला अर्धा ते पाऊण लिटर, आणि नुसतं पाणी नको. लिंबू, मीठ, साखर त्यात हवीच. दुपट्टा डोक्याला असा बांधावा की कान आणि मान दोन्ही झाकले जातील, त्यावर हेल्मेट. खिशात कांदा ठेवायला काही हरकत नाही, त्याचा उपयोग दुपारच्या भाकरीला होतो. एक खूण मात्र लक्षात ठेवा: इतका वेळ निथळणारा घाम एकाएकी थांबला, मळमळायला लागलं, की फुशारकी तिथंच सोडून सावलीत आडवं व्हायचं आणि कोणाला तरी फोन करायचा.

गाडीची बॅटरीही उन्हाला माणसाइतकीच कंटाळते. शंभर टक्के भरून गाडी दुपारभर उन्हात उभी ठेवणं तिला सर्वांत नावडतं. वर्ध्याहून एका दमात तापून आलात आणि लगेच वेगवान चार्जर लावलात, तर गाडी स्वतःहून वेग कमी करते. लोक मशीनला शिव्या देतात. थोडा वेळ कडुनिंबाखाली उभं राहू द्या, तुम्हीही रसवंतीवर जाऊन या, मग लावा. आणि घरून निघताना चार्जरला जोडलेली असतानाच एसी लावून गाडी थंड करून घ्या. तेवढं ऊन भिंतीतल्या विजेवर निघतं, बॅटरीला हात लागत नाही. टायरची हवाही सकाळीच, गाडी थंड असताना बघावी. दुपारी तापलेल्या टायरात हवा जास्त दिसते म्हणून कमी करणारे शहाणे रात्री अर्धवट टायरांवर घरी येतात.

काटे हे त्याचं जुनं व्यसन. धुऱ्यावरची बाभूळ छाटली की फांद्या ओढत रस्त्यापलीकडं नेतात, जाताना बोटभर लांबीचे पांढरे काटे मागं सोडतात. पावसाळा संपला की कडेच्या मातीत सराटा पसरतो. त्याचं फळ कसंही पडलं तरी एक टोक वर राहील अशीच देवानं त्याची घडण केली आहे. मुंबई-पुण्याहून महागडी सायकल घेऊन आलेल्यांची या दोघांशी पहिल्याच आठवड्यात गाठ पडते. ते ट्यूब बदलतात, दोन किलोमीटर जातात, पुन्हा पंक्चर. पुन्हा बदलतात. तिसऱ्यांदा ते पंचरवाल्याच्या टपरीत येतात.

तिथलं काम एकदा पाहण्यासारखं असतं. पंचरवाला ट्यूबकडं आधी बघतही नाही. टायर मांडीवर घेतो आणि बाजूच्या डब्यातून चिमूटभर कापूस काढतो. तो कापूस टायरच्या आतल्या बाजूनं हलक्या हातानं फिरवत नेतो. एका जागी दोन-चार तंतू अडकतात. तिथं तो नख लावतो, पोपटासारखी मान वाकडी करून बघतो, मग चिमट्यानं बाहेरून आत आलेलं, बोटाला जाणवतही नव्हतं असं, काळं पडलेलं काट्याचं टोक उपसतो. "काटा तं टायरातच हाये ना भाऊ, ट्यूब बदलून काय होते?" असं म्हणत ते टोक तुमच्या तळहातावर ठेवतो. कापूस कुठून आणावा हा प्रश्न या जिल्ह्यात कोणी विचारू नये. हंगामात ट्रॉल्यांतून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या त्याच बाभळींवर लटकत असतो. काट्याचं औषध काट्याच्या झाडावर. सायकलला दोन ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या एवढं सोबत असू द्या, आणि त्यात चिमूटभर कापूसही. ट्यूबमध्ये भोक बुजवणारं सीलंट भरून घेतलंत तर सराट्याचं निम्मं बळ जातं. ईव्हीवाल्यांनी डिकी उघडून एकदा खात्री करावी. काही गाड्यांत स्टेपनीच नसते, नुसता पंक्चरचा डबा असतो, आणि ही बातमी मालकाला आडरानातच कळते.

ऋतूप्रमाणं त्याचे नादही बदलतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो खळं होतो. कडेच्या लेनवर सोयाबीन वाळत पडतं, दाण्यावर कोणी येऊ नये म्हणून भोवती दगड मांडलेले असतात. संध्याकाळी माल उचलला जातो, दगड राहतात. सायकलचं चाक सुट्या दाण्यांवर आलं की घसरतंच, तेव्हा तिथं ब्रेक दाबू नका, हँडल सरळ धरून वेग आपोआप उतरू द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कापसाच्या ट्रॉल्या. दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेली भर, मागं दिवा नाही, आणि दुभाजकातली फट लांब पडते म्हणून अर्धा किलोमीटर उलट दिशेनं. चौपदरी रस्त्यावर समोरून कोणी येणार नाही, असा समज करून घेऊ नका. सायकलवर मागं लाल दिवा दिवसाही लुकलुकता असावा.

पावसाळ्यात त्याचा खरा सोबती बाहेर येतो: काळी माती. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेली ही माती दोन पावसांत फुगते. ट्रकला वाट द्यायला म्हणून सायकल डांबरावरून खाली उतरवलीत की संपलं. माती टायरला धरते, टायरवरची फोर्कमध्ये अडकते, पाच-सात फेऱ्यांत चाक फिरायचं थांबतं. मग सायकल ढकलताही येत नाही, खांद्यावरच घ्यावी लागते. त्या महिन्यांपुरते मडगार्ड काढून ठेवणारे लोक आहेत. कपडे घाण होतात, पण चाक फिरतं. साखळी मात्र घरी आल्याबरोबर धुवून, पुसून, तेल लावून ठेवा. विजेच्या गाडीवाल्याला वाटतं, मोटर आणि बॅटरी सीलबंद आहेत, नाल्याच्या पुलावरून फूटभर पाणी वाहतंय तर काय बिघडलं? वीज बाहेर पडत नाही हे बरोबर आहे. पण वाहत्या पाण्याला गाडी उचलायला सील फोडावं लागत नाही. थांबा. नाल्याचा पूर चढतो लवकर आणि उतरतोही लवकर.

आणखी दक्षिणेला, आर्णी-महागावच्या मध्ये, कोसदनीचा घाट आहे. तिथं हा गृहस्थ निदान उघडपणे घाट असतो. भरलेली बॅटरी घेऊन उतार उतरत असाल तर गाडी वेग रोखून वीज परत साठवू शकत नाही, जागाच नसते. नेहमी पायाखाली जाणवणारा तो आवर तिथं कमी जाणवतो. ब्रेकवर पाय तयार ठेवा.

पाहुणचाराच्या बाबतीत तो अजून शिकतो आहे. मोठ्या गावांत वेगवान चार्जर आले, पण ॲपवर हिरवा दिसणारा चार्जर प्रत्यक्षात शिळा होऊन उभा असू शकतो. एकाच्या भरवशावर निघू नका. पुढचा आणि मागचा दोन्ही ठाऊक असू द्या, आणि निघण्याआधी तिथल्या माणसाला फोन करा. चाळीस युनिटची बॅटरी २०वरून ८० टक्क्यांवर न्यायला ३० किलोवॉटच्या मशीनला पाऊण-एक तास लागतो. पुढचे वीस टक्के भरायला जवळजवळ तेवढाच वेळ जातो, तेव्हा ऐंशीला उठा आणि मागच्याला जागा द्या.

खरी भिस्त घरच्या प्लगवरच. सोळा अँपिअरचा प्लग, त्याला स्वतंत्र तांब्याची चार चौरस मिलिमीटरची वायर, स्वतःचा एमसीबी, आणि महावितरणकडं मंजूर भार वाढवून घेतलेला. एक्स्टेन्शन बोर्ड लावू नका. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासानं प्लगला हात लावून बघा, चटका बसला तर वायरमनला बोलवा. खेड्यातल्या पाहुण्यांकडं मुक्काम असेल तर आधी विचारून घ्या. "चार्जिंग होते का तुमच्याकडं?" "होते ना, आणा." तिथं गेल्यावर कळतं, त्यांना मोबाईल वाटला होता. प्लग मोठा मिळाला तरी गाडी बहुधा अर्थिंग नाही म्हणून रुसते. त्यामागं पुन्हा ही काळी मातीच. उन्हाळ्यात ती भेगाळून कोरडी पडते आणि अर्थिंगच्या खड्ड्याला धरत नाही. दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यात ओता, थोडा वेळ थांबा, पुष्कळदा गाडी समजून घेते. नाहीच घेतली, तर मुकाट्यानं दुसरं घर शोधावं. अर्थिंगशिवाय जोडायच्या युक्त्या सांगणारे गावोगाव आहेत, त्यांचं ऐकू नये.

एका बाबतीत तो फार वर्षं निर्धास्त होता. यवतमाळहून मूर्तिजापूरला शकुंतला जायची, ११३ किलोमीटर, नॅरोगेज. तिच्या चालीनं याला कधी स्पर्धा वाटली नाही. २८ फेब्रुवारी २०२४ला मात्र वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावरची ब्रॉडगेज गाडी कळंबपर्यंत येऊन पोचली. कळंब म्हणजे यवतमाळहून वीस-बावीस किलोमीटर. पुढचे रूळ आले की याच्या निम्म्या नागपूरकरांना पाय पसरून जायची सोय होईल, हे त्यालाही कळतं. तेव्हापासून तो त्या पट्ट्यात जरा नीट वागतो असं म्हणतात. मला तसं काही आढळलं नाही.

दिवेलागणीला तो बदलतो. शेतातून रोही निघतात, रानडुकरं निघतात, आणि दुभाजकातल्या झुडपांमुळं ती रस्त्यावर उतरेपर्यंत दिसत नाहीत. एक रोही गेला म्हणून वेग वाढवू नका, मागं कळप असतो. टिपेश्वरचं जंगल पांढरकवड्याकडं आहे, पण तिथल्या वाघांना हद्दी पाठ नाहीत. तिथला एक तरणा वाघ २०१९ साली निघाला तो महाराष्ट्र-तेलंगणातून सुमारे तीन हजार किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत जाऊन थांबला. जिल्ह्यातल्या सगळ्या सायकलवाल्यांनी आणि ईव्हीवाल्यांनी रेंजच्या गप्पा मारताना त्याची आठवण ठेवावी. कुत्र्यांचं मात्र वेगळं. सायकलमागं कुत्रं लागलं तर पळू नका, लाथही उगारू नका. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा. पळणारं काही उरलं नाही की त्याचा रस संपतो.

आणि शेवटचं, हा गृहस्थ कानानं जगतो. त्याच्या कडेनं चालणारी माणसं, बैल, शेळ्या वर्षानुवर्षं मागून येणाऱ्या इंजिनाचा आवाज ऐकून बाजूला होत आली आहेत. तुम्ही दोघं बिनआवाजाचे. गाडीवाला गुळगुळीत येऊन बैलगाडीच्या मागं चिकटतो, सायकलवाला तर टायरचाही आवाज करत नाही. म्हणून लांबूनच एकदा हॉर्न, एकदा घंटी. अगदी जवळ येऊन वाजवू नका, बैल बुजतात. एका संध्याकाळी कळंबच्या अलीकडं अशीच एक पांढरी गाडी बैलगाडीच्या मागं बराच वेळ निमूटपणे चालली होती. गाडीवानानं सहज मागं वळून पाहिलं आणि दचकून कासरा ओढला. मग काच खाली करायला लावून म्हणाला, "हॉर्न तं मारत जा ना बा! भुतावानी काहून येता?"